माशांच्या अंगावर पांढरे ठिपके: उपचार पायरी-पायरीने

माशाच्या अंगावर दिसणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यावर नेहमीच्या औषधांचा फारसा परिणाम होत नाही. ठिपका करणारा जीव कातडीच्या वरच्या थराखाली दडलेला असतो, तिथे औषध धड पोचत नाही. औषधाने मरतात ती ठिपका गळून पडल्यावर पाण्यात सुटणारी त्याची पिल्लं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं उलगडत जातं. तिसऱ्या दिवशी ठिपके वाढले म्हणून औषध चुकलं असं होत नाही. सहाव्या दिवशी ते दिसेनासे झाले म्हणून थांबायचं नसतं. आणि ठिपकेवाला मासा तेवढा बाजूला काढून काम भागत नाही. उपचार माशाचा नाही, पाण्याचा करायचा आहे.

हा लेख गोड्या पाण्यातल्या माशांसाठी आहे. समुद्री टँकमध्ये दिसायला असाच आजार होतो, पण तो करणारा परजीवी वेगळा आहे. खाली दिलेली मीठ-उष्णतेची मात्रा तिथे चालत नाही.

१. आधी खात्री करा: हा तोच आजार आहे ना?

खऱ्या ठिपक्याची ओळख सोपी आहे. बारीक मिठाचा कण चिकटल्यासारखा, कडा स्पष्ट, आकार जास्तीत जास्त एक मिलिमीटर. शेपटी आणि परांवर तो आधी दिसतो, कारण तिथे कातडी पातळ आणि पारदर्शक असते. मग अंगावर. एका दिवसात तीनाचे तीस होऊ शकतात.

ठिपके दिसायच्या आधीच वागणूक बदलते. मासा दगडावर, खडीवर अंग घासतो, झटका दिल्यासारखा पळतो, पर अंगाशी मिटून ठेवतो. काही वेळा परजीवी फक्त कल्ल्यांत असतो आणि अंगावर एकही ठिपका नसतो. अशा वेळी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी किंवा फिल्टरच्या धारेजवळ गोळा होऊन धापा टाकतात. मात्र अमोनिया वाढला तरी हेच दिसतं, म्हणून आधी पाणी तपासा.

ज्यांची हमखास गल्लत होते ते प्रकार असे:

- गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीकडच्या पराच्या पहिल्या काट्यावर ओळीने आलेले टणक पांढरे दाणे. हा आजार नाही, विणीच्या हंगामाची खूण आहे. औषध टाकू नका.
- पाणी बदलल्यावर अंगाला चिकटलेले हवेचे बुडबुडे. काही तासांत जातात.
- अंगावर सोनेरी-पिवळसर धूळ, कण ठिपक्यांपेक्षा खूपच बारीक. हा मखमली रोग, वेगळ्या परजीवीचा. अंधार करून टॉर्च तिरका धरला की चटकन ओळखू येतो.
- कापसासारखे पुंजके किंवा तोंडाभोवती पांढरट बुरा. ही बुरशी किंवा जिवाणूंची लागण.
- फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, आठवडेच्या आठवडे तशीच राहणारी मोठी गाठ. हा बहुधा विषाणूजन्य लिम्फोसिस्टिस. तो पांढऱ्या ठिपक्यांच्या औषधाने जात नाही.

शंका असेल तर मोबाइलवर जवळून फोटो काढा आणि बारा तासांनी पुन्हा काढा. खरा ठिपका जागा बदलतो, म्हणजे जुने गळतात आणि नवे दुसरीकडे येतात. गाठ किंवा विणीचे दाणे आहेत तिथेच राहतात.

२. शत्रूचं वेळापत्रक

या जीवाचं नाव इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस. हौशी लोक त्याला नुसतं ‘इक’ म्हणतात. शास्त्रीय नावाचा अर्थच ‘पुष्कळ लेकरांची, माशांवरची ऊ’ असा होतो, आणि ठेवणाऱ्याने नाव अगदी नेमकं ठेवलं आहे. एकपेशीय, अंगभर केसांसारखे बारीक तंतू असलेला हा जीव तीन अवस्थांतून जातो.

पहिली अवस्था माशावर. परजीवी कातडीत शिरतो, माशाच्या पेशी खात वाढतो, तोच ठिपका. साधारण २५ अंश सेल्सियसला हे तीन ते पाच दिवस चालतं.

दुसरी अवस्था तळाशी. पोट भरलं की तो मासा सोडतो, खाली खडीवर, पानावर, काचेवर चिकटतो, भोवती चिकट आवरण करतो आणि आत एकाचे दोन, दोनाचे चार असा फुटत राहतो. एकातून शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्लं होतात. २५ अंशांना यासाठी साधारण एक दिवस पुरतो. या आवरणातही औषध नीट शिरत नाही.

तिसरी अवस्था पाण्यात. सुटलेली पिल्लं पोहत मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा नाही मिळाला तर मरतात. उपचाराची खिडकी हीच. मीठ, उष्णता, औषध या सगळ्यांचा मारा याच अवस्थेवर असतो.

आता हिशेब बघा. माशावरचे दहा ठिपके गळले आणि प्रत्येकातून पाचशे पिल्लं निघाली तर ४५ लिटर पाण्यात पाच हजार पिल्लं मासा शोधत फिरतात. तीन-चार माशांच्या टँकमध्ये दुसऱ्या फेरीला अंग पांढरंफटक होतं ते यामुळे.

सगळं वेळापत्रक तापमानावर चालतं. २५ ते २८ अंशांना पूर्ण फेरी आठवड्याच्या आत होते. १० अंशांच्या आसपास तिला महिना किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणूनच ‘पाच दिवस औषध द्या’ हा सल्ला गरम पाण्यातही तोकडा पडतो, थंड पाण्यात तर अजिबात पुरणार नाही.

३. काय काय लागेल

- हीटर, साधारण लिटरला एक वॉट या हिशेबाने
- वेगळा थर्मामीटर (हीटरच्या चकतीवरचा आकडा एक-दोन अंशांनी सर्रास चुकतो)
- एअर पंप आणि एअर स्टोन. फिल्टर चालू असला तरी हे हवंच
- खडी साफ करायचा सायफन पाइप आणि फक्त टँकसाठी ठेवलेली बादली
- क्लोरीन काढणारं द्रव्य
- अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट
- ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा
- साधं जाडं मीठ, काहीही न मिसळलेलं
- औषधाची वाट धरली तर मोजायला सुई नसलेली सिरिंज आणि हातमोजे
- वही. थट्टा नाही, तारीख, तापमान, मात्रा आणि ठिपक्यांची संख्या रोज लिहिली नाही तर पाचव्या दिवशी आपण कुठे आहोत हे कळत नाही.

मिठाबद्दल थोडं. आयोडीन घातलेल्या मिठाने मासे मरतात हा समज अतिशयोक्तीचा आहे, आयोडीन त्यात अगदी नगण्य असतं. तरी पर्याय असेल तर साधं मीठ घ्या. एप्सम सॉल्ट हे मात्र मीठ नव्हे. ते मॅग्नेशियम सल्फेट आहे, इथे उपयोगाचं नाही.

४. पाणी नेमकं किती आहे ते काढा

मात्रा चुकण्याचं पहिलं कारण इथे आहे. टँक घेताना सांगितलेले लिटर हे काठोकाठ भरलेल्या, रिकाम्या टँकचे असतात.

आतल्या बाजूने लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, हजाराने भागा. ६० गुणिले ३० गुणिले २८ म्हणजे ५०,४००, अर्थात ५०.४ लिटर. यातून खडी, दगड, लाकूड यांचे दहा-बारा टक्के वजा केले की साधारण ४५ लिटर. पुढचे सगळे आकडे या ४५ लिटरवर दिले आहेत, तुम्ही तुमच्या आकड्याने बदला.

बाहेरच्या डब्याचा फिल्टर असेल तर त्यातलं पाणीही धरा.

५. मीठ-औषधाच्या आधीची तयारी

याच क्रमाने करा.

एक: हीटरचा प्लग काढा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. गरम काचेचा हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर तडकतो.

दोन: ३० टक्के पाणी सायफनने काढा, आणि ते वरून नव्हे, खडीच्या आत पाइप खुपसून. तळाशी चिकटलेली आवरणं यातून बाहेर जातात. हे एक काम इतर कुठल्याही औषधाइतकं मोलाचं आहे आणि नेमकं तेच लोक टाळतात.

तीन: नवीन पाणी टँकच्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं. चार अंशांनी थंड पाणी ओतणं म्हणजे आजारी माशाला आणखी एक धक्का.

चार: फिल्टरमधला ॲक्टिव्हेटेड कार्बन काढा. तो औषध शोषून घेतो, आणि मग ‘औषधाचा काही उपयोग झाला नाही’ अशी तक्रार होते. स्पंज आणि सिरॅमिकचे तुकडे तसेच राहू द्या, त्यात अमोनिया खाणारे जिवाणू असतात. ते नळाच्या पाण्याखाली धुवू नका.

पाच: औषध वापरणार असाल तर यूव्ही दिवा बंद करा, त्याने बरीच औषधं विघटित होतात. मीठ किंवा उष्णतेच्या उपचारात तो चालू राहिला तर उलट मदतच होते.

सहा: एअर स्टोन चालू करा. २५ अंशांना पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात माशाचे कल्ले आधीच जखमी असतात. उपचाराच्या पहिल्या दोन रात्रींत दगावणारे अनेक मासे ठिपक्यांनी नव्हे, गुदमरून जातात.

६. उपचार निवडा

तीन वाटा आहेत. टँकमध्ये कोण राहतं यावर निवड ठरते, कोणतं औषध हाताशी आहे यावर नाही.

अ) उष्णता. टेट्रा, गप्पी, मॉली, एंजल, बेटा, गुरामी अशा उष्ण पाण्याच्या माशांसाठी ही पहिली वाट. दर बारा तासांनी एक अंश या गतीने ३० अंशांपर्यंत न्या, म्हणजे २५ वरून निघालात तर अडीच दिवस. घाई करू नका. ३० अंशांना या परजीवीचं पुनरुत्पादन सहसा थांबतं. २८ वर थांबलात तर मात्र उलटंच होतं, फेरी जलद होते आणि परजीवी मजेत वाढतो. हीटर २८ च्या वर चढत नसेल तर फक्त उष्णतेवर विसंबू नका, मीठ किंवा औषध जोडा.

या परजीवीचे उष्णता सोसणारे काही वाणही आढळले आहेत. ३० अंशांवर सहा-सात दिवस होऊनही नवे ठिपके येत असतील तर तुमच्याकडे तसा वाण आहे असं समजा आणि वाट बदला. तापमान ३२-३३ वर रेटत नेऊ नका.

थंड पाण्यात राहणाऱ्या व्हाइट क्लाउड, हिलस्ट्रीम लोच यांना ही वाट नको. गोल्डफिश ३० अंश थोडे दिवस सहन करतो, पण त्याच्यासाठी मीठ जास्त सोयीचं.

आ) मीठ. लिटरला २ ग्रॅम. ४५ लिटरला ९० ग्रॅम, तेही एकदम नाही. ३० ग्रॅमचे तीन भाग करा, टँकचंच पाणी एका भांड्यात घेऊन त्यात पूर्ण विरघळवा आणि फिल्टरच्या धारेजवळ सावकाश ओता. दोन भागांमध्ये बारा तासांचं अंतर. गोल्डफिश, मॉली, गप्पी यांना ३ ग्रॅमपर्यंत नेता येतं, म्हणजे १३५ ग्रॅम. लोच, कोरी, प्लेको अशा खवले नसलेल्या किंवा तळाशी राहणाऱ्या माशांना १ ग्रॅमपासून सुरुवात करा आणि वागणूक बघत २ पर्यंत न्या.

न विरघळलेले खडे टँकमध्ये टाकू नका. त्यावर कोरी बसली तर पोटाची कातडी भाजते.

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: मीठ वाफेबरोबर उडत नाही. पाणी आटून कमी झालं तर नुसतं साधं पाणी भरा. पाणी बदललं तर जेवढं काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ द्या, १२ लिटर बदलले तर २४ ग्रॅम. दर वेळी पूर्ण ९० ग्रॅम टाकणाऱ्यांच्या टँकमध्ये आठवड्यात मिठाची मात्रा दुप्पट होते आणि मासे का मेले ते कळत नाही.

लिटरला २ ग्रॅमच्या वर नाजूक पाणवनस्पती आणि शेवाळवर्गीय मॉस खराब होऊ लागतात. झाडांचा भरगच्च टँक असेल तर उष्णता बरी.

मीठ आणि उष्णता एकत्र चालतात. बऱ्याच टँकसाठी ३० अंश आणि लिटरला १ ते २ ग्रॅम मीठ ही जोडी औषधाशिवाय काम भागवते.

इ) औषध. लागण जोरात असेल, मासे धापा टाकत असतील किंवा वरच्या दोन वाटा शक्य नसतील तेव्हा. बहुतेक तयार औषधांत मॅलाकाइट ग्रीन असतं, काहींत त्याच्या जोडीला फॉर्मलिन, काहींत तांबं. नवशिक्याने मत्स्यालयासाठी बनवलेलं तयार औषधच घ्यावं आणि बाटलीवरची मात्रा पाळावी. मॅलाकाइट ग्रीनची नेहमीची मात्रा लिटरला ०.१ मिलिग्रॅम इतकी कमी असते की सुट्या पावडरीतून ती घरी अचूक मोजणं जवळपास अशक्य. शिवाय मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मलिन दोन्ही माणसालाही घातक आहेत. हातमोजे घाला, खोलीत हवा खेळती ठेवा. खाण्यासाठी वाढवलेल्या माशांना मॅलाकाइट ग्रीन कधीच नाही.

औषधाची पथ्यं:

- टेट्रा, लोच, कोरी, कॅटफिश यांना बाटलीवर सहसा अर्धी मात्रा सांगितलेली असते. ती ओळ शोधून वाचा. क्लाउन लोचला हा आजार पटकन होतो आणि औषधही त्यालाच सोसत नाही.
- तांबं असलेलं औषध मऊ, म्हणजे क्षार कमी असलेल्या पाण्यात फार विषारी ठरतं. पाणी मऊ असेल तर ते टाळा.
- कोळंबी, गोगलगायी यांना तांबं मारतं, मॅलाकाइट ग्रीनही धोक्याचं.
- फॉर्मलिन पाण्यातला ऑक्सिजन ओढतं: दर ५ मिलिग्रॅम प्रति लिटर फॉर्मलिनमागे पुढच्या दीड दिवसात साधारण १ मिलिग्रॅम ऑक्सिजन कमी होतो. म्हणून ३० अंश आणि फॉर्मलिन एकत्र नको. औषधाच्या काळात २५ ते २७ अंश पुरे.
- बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ते फॉर्मलिनवालं औषध फेकून द्या. हा साका माशांना अत्यंत विषारी असतो आणि बाटली फार थंड जागी ठेवली की तयार होतो.
- मॅलाकाइट ग्रीन उजेडात विघटित होतं. टँकचा दिवा बंद, थेट ऊन नाही.
- दोन वेगवेगळी औषधं एकत्र करू नका.

मिथिलीन ब्लूबद्दल नेहमी विचारलं जातं. अंड्यांवरची बुरशी रोखायला ते उत्तम, पण पांढऱ्या ठिपक्यांवर मुख्य टँकमध्ये भरवशाचं नाही. फिल्टरचे जिवाणू मारतं आणि काचेच्या सांध्यांचं सिलिकॉन कायमचं निळं करतं. अँटिबायोटिक या परजीवीला काहीच करत नाही. खाण्यात लसूण घालणं हा जुना तोडगा आहे. घातला तर माशांना भूक लागेल कदाचित, उपचार म्हणून त्यावर विसंबू नका.

७. कोळंबी आणि झाडांचा टँक असेल तर

ही अवस्था अवघड वाटते, पण उलट सगळ्यात स्वच्छ उपाय इथेच आहे. परजीवीला मासा लागतो, कोळंबी चालत नाही. सगळे मासे (ठिपके असलेले, नसलेले, सगळे) बाहेर काढा. मुख्य टँक माशांविना २५ ते २८ अंशांवर दोन आठवडे राहू द्या. परजीवी तिथे आपोआप संपतो, कोळंबीला थेंबभर औषधही लागत नाही.

बाहेर काढलेल्या माशांवर वेगळ्या टबमध्ये वरचाच उपचार करा. टबमध्ये खडी नको, लपायला एखादा पाइपचा तुकडा पुरे. औषधही नको असेल तर रोजची अदलाबदल करा. दोन टब ठेवा, पाणी २५ अंशांच्या वर. दर २४ तासांच्या आत मासे स्वच्छ टबमध्ये हलवा, जुन्यातलं पाणी पूर्ण ओतून टब, हीटर, एअर स्टोन धुऊन कोरडे करा. ठिपके गळून तळाशी बसतात आणि पिल्लं सुटायच्या आत तो टबच मोडीत निघतो. हे सात दिवस न चुकता करायचं. एक दिवस चुकला तर मोजणी पहिल्यापासून. कष्टाचं आहे, आणि रोजच्या धरपकडीचा माशांवर ताण येतोच, त्यामुळे आधीच निपचित पडलेल्या माशावर हे करू नका.

८. रोज काय करायचं

पहिला दिवस: तयारी, पाणी बदल, मिठाचा पहिला भाग किंवा औषधाची पहिली मात्रा, तापमान वाढवायला सुरुवात. खाणं नेहमीच्या निम्मं.

दुसरा ते चौथा दिवस: ठिपके वाढण्याची शक्यता. आधीच कातडीत शिरलेले आता मोठे होऊन दिसतात. नेमकं याच दिवसांत लोक घाबरून मात्रा दुप्पट करतात किंवा दुसरं औषध ओततात. दोन्ही करू नका. रोज अमोनिया तपासा. औषधाने फिल्टरचे जिवाणू कमी होऊ शकतात आणि तापमान वाढलं की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. ०.२५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेला तर २५ टक्के पाणी बदला आणि काढलेल्या पाण्यापुरतं मीठ किंवा औषध परत द्या.

एक दिवसाआड: खडीत सायफन घालून २५ टक्के पाणी बदल. औषध चालू असेल तर पुढची मात्रा या बदलानंतर. २५ ते २८ अंशांना दर दोन-तीन दिवसांनी एक अशा किमान तीन ते पाच मात्रा लागतात. बाटलीवर वेगळं अंतर दिलं असेल तर ते पाळा. पाणी थंड, १६ अंशांच्या आसपास असेल तर मात्रांमधलं अंतर चार-पाच दिवस आणि एकूण काळ कित्येक आठवडे.

पाचवा दिवस आणि पुढे: ठिपके कमी होत जातात. ठिपका गेल्यावर तिथे बारीक जखम उरते, पर फाटलेले दिसतात. लालसरपणा किंवा कापसासारखी वाढ दिसली तर ती दुय्यम लागण, तिचा उपचार वेगळा. मेलेला मासा दिसताक्षणी काढा.

९. थांबायचं कधी

दोन अटी आहेत आणि दोन्ही पूर्ण व्हायला हव्यात. उष्णतेच्या वाटेवर ३० अंश गाठल्यापासून किमान दहा दिवस, आणि शेवटचा ठिपका दिसल्यापासून किमान सात दिवस. यातलं जे उशिरा येईल ते धरा. गोल्डफिशला २४ अंशांच्या आसपास नुसत्या मिठावर ठेवलं असेल तर दोन ते तीन आठवडे धरून चाला. कल्ल्यांतले ठिपके आपल्याला दिसत नाहीत. हे जादा दिवस त्यांच्यासाठी आहेत.

मग तापमान दिवसाला एक अंशाने उतरवा. मीठ काढायला वेगळं काही करायचं नाही. दर तीन-चार दिवसांनी २५ टक्के पाणी साध्या पाण्याने बदलत राहा, ते आपोआप विरळ होतं. औषध वापरलं असेल तर शेवटच्या पाणी बदलानंतर नवीन कार्बन दोन-तीन दिवस फिल्टरमध्ये घाला.

दहा-पंधरा दिवसांत आजार परतला तर बहुतेक वेळा कारण यातलं एक असतं: लवकर थांबवलं, लिटर चुकीचे धरले, कार्बन काढायचा राहिला, किंवा हीटर ३० दाखवत होता आणि पाणी २८ होतं.

१०. पुढच्या वेळी दारातच अडवा

‘हा परजीवी प्रत्येक टँकमध्ये असतोच, मासा अशक्त झाला की डोकं वर काढतो’ हे वाक्य फार ऐकू येतं. ते खरं नाही. माशाशिवाय तो फार दिवस जगत नाही, त्यामुळे तो बाहेरून यावा लागतो: नव्या माशावरून, पिशवीतल्या पाण्यातून, झाडाच्या पानावरून, ओल्या जाळीतून. मात्र एकदा आजारातून उठलेल्या माशाला काही प्रमाणात प्रतिकारशक्ती येते आणि त्याच्या कल्ल्यांत थोडेसे परजीवी गुपचूप टिकून राहू शकतात. मग हीटर बंद पडून पाणी गार झालं की ताण येतो आणि ‘अचानक’ ठिपके उमटतात.

नवा मासा वेगळ्या टँकमध्ये २५ अंशांच्या वर तीन ते चार आठवडे ठेवा. वीस लिटरचा डबा, स्पंज फिल्टर आणि हीटर एवढं पुरतं. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका, मासा जाळीने उचला. नवी झाडं मासे नसलेल्या भांड्यात दोन आठवडे, उबदार पाण्यात. दोन टँक असतील तर जाळी, सायफन, बादली वेगवेगळी ठेवा. ते जमत नसेल तर एका टँकमधून दुसऱ्यात जाण्याआधी वस्तू पूर्ण वाळू द्या. या परजीवीला कोरडेपणा सोसत नाही. पण नुसती झटकलेली जाळी कोरडी नसते, आणि कोपरापर्यंत ओला हातही नसतो.